बांधकामाचे मूल्य: शून्य

बँकेत वीस वर्षं काढली की माणसाची नजर बिघडते. लग्नाच्या मांडवात नवरीच्या अंगावरचे दागिने पाहून बाकीची मंडळी ‘किती शोभतात नाही!’ म्हणत असतात, तेव्हा सोनेतारणाच्या टेबलावर बसणारा माणूस मनातल्या मनात वजनातून खडे आणि लाख वजा करत असतो. त्यातून मी पडलो बी.कॉम. कलाशाखेच्या माणसाला सूर्यास्त दिसतो, विज्ञानशाखेच्या माणसाला पृथ्वीचं फिरणं दिसतं. मला त्या दिवसाचा घसारा दिसतो. खुर्ची, कपाट, पंखा, शाखाधिकाऱ्यांची गाडी, सगळं दरवर्षी थोडंथोडं कमी होत जातं आणि एक दिवस वहीतून नाहीसं होतं, यावर माझी श्रद्धा आहे. अलीकडे आरशात पाहिल्यापासून ती अधिकच दृढ झाली आहे.

असा हा श्रद्धावान माणूस एका कागदापुढं अडखळला. औंढा नागनाथच्या माझ्या मामांनी जुनं घर पाडून नवं बांधायला आमच्या शाखेत कर्ज मागितलं होतं. नात्यातली फाइल नियमाप्रमाणं माझ्या टेबलावर येत नाही. ती शेजारच्या टेबलावर जाते. शेजारचं टेबल माझ्या टेबलापासून दीड हातावर आहे. तेव्हा नियमाचा मान राखून, फक्त स्वतःची मान थोडी वाकडी करून मी मूल्यांकनाचा अहवाल वाचला. जमिनीची किंमत अमुक लाख. इमारत: दगड-मातीची, माळवदी, शिल्लक आयुष्य नाही. बांधकामाचे मूल्य: शून्य.

शून्य हा आकडा मी रोज लिहितो. लोकांच्या शिल्लक रकमेपुढं तर फार वेळा लिहितो. त्याचं वाईट कधी वाटलं नव्हतं. या वेळी वाटलं, कारण त्या शून्यात मी चालायला शिकलो होतो.

औंढा माझं आजोळ. हिंगोलीहून पंचवीसेक किलोमीटर. बाहेरच्यांना ते नागनाथामुळं माहीत. आम्हा भाचरांना नागनाथही माहीत होता, पण आधी आजीचं घर आणि मग ज्योतिर्लिंग, असा आमचा क्रम. गल्लीत शिरलं की एक दगडी जोतं, त्यावर सागवानी चौकटीचा दरवाजा. त्याच्या फळ्यांवर लोखंडी फुल्या, आणि आतून लावायला अडसर. हा अडसर भिंतीतल्याच एका भोकात राहायचा. संध्याकाळी तो सरकन बाहेर ओढायचा आणि सकाळी परत भिंतीत ढकलायचा. भिंतीच्या पोटात सबंध लाकूड मावतं, याचं लहानपणी मला कोण आश्चर्य! आता माझ्या फ्लॅटच्या भिंतीत खिळा मारला की तो शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात निघतो, तेव्हा त्या आश्चर्याची किंमत कळते.

आत ढाळज, मग अंगण, अंगणाच्या दोन बाजूंना ओसरी, मागं माजघर, देवघर, बळद आणि परसात आड. घर मोजायचं ते खणांत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. नऊ खणांचं घर म्हटलं की ऐकणाऱ्याला घर कळायचं, घरातली माणसं कळायची आणि सोयरीक करायची की नाही तेही कळायचं. कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप या तीन पायऱ्यांनी फसवायची सोय त्या मापात नव्हती. खांब मोजायचे, संपलं.

प्रत्येक लाकडी खांबाखाली दगडाचा तळखडा, म्हणजे ओल आणि वाळवी लाकडापर्यंत पोचू नये. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर कडुलिंबाचा पाला, पाल्यावर मातीचा थर, आणि सर्वांत वर खारी पांढरी माती. हेच माळवद. पाला का? तर कडुलिंबाला किडा लागत नाही. खारी माती का? तर ती पहिल्या पावसात फुगून आपल्या भेगा आपणच बुजवते. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस डिग्री तापायचं, आणि आत माजघरात आजी पदरानं वारा घेत म्हणायची, "आज जरा उकडायलंय." छतात मधोमध एक साणं, म्हणजे वरचं उजेडाचं भोक. दुपारी त्यातून उन्हाचा एक खांब खाली उतरायचा आणि तासातासानं सरकत जायचा. घरात घड्याळ नव्हतं असं नाही. पण ते आजोबांच्या खिशात असायचं, आणि साण्याचा खांब सगळ्यांचा होता.

हे सगळं कुणी बांधलं? कुणाला ठाऊक नाही. एखादा सुतार, एखादा पाथरवट, बेलदार, आणि भिंती लिंपणाऱ्या घरच्या-दारच्या बाया. नकाशा नव्हता. आर्किटेक्टची फी नव्हती. ओसरीच्या खांबांवर मात्र कमळं कोरलेली होती आणि चार खांबांवरची चारही वेगळी. चौथ्याची एक पाकळी वाकडी. सुताराला त्या दिवशी घाई असावी.

हे सगळं मी मामींना फोनवर सांगितलं. गळा थोडा दाटून आणूनच सांगितलं. मामींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं का तुझं? आता मह्यं ऐक."

मामींचं म्हणणं असं. माळवद दर उन्हाळ्यात माणसं लावून नीट करावं लागतं, आणि आता माणसं मिळत नाहीत. माती टाकणारा जाणता म्हातारा गेला, त्याचा मुलगा पुण्यात कुरिअर वाटतो. आषाढात घर सात ठिकाणी गळतं. पातेली कमी पडतात. साण्यातून ऊन येतं हे खरं, पण साण्यातून विंचूही येतो, आणि तो तासातासानं सरकत नाही. माजघरात दिवसा दिवा लावावा लागतो. "तू दिवाळीला दोन दिवस येतूस, ओसरीवर झोपतूस, फोटो काढतूस. राहायलाव आम्ही."

आणि मग त्यांनी आवाज खाली आणून शेवटचं सांगितलं, "मला भ्या वाटतं रे."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. चार वाजायला थोडा अवकाश असताना किल्लारीची जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादच्या गावागावांत हजारो माणसं स्वतःच्याच घराखाली गेली. ज्या भिंतींच्या जाडीचं मी आत्ताच कौतुक केलं, त्यांच्यातच दोष होता. आतून एक दगडी थर, बाहेरून एक, आणि मध्ये माती-खडीची भर. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. जमीन हलताच दोन थर दोन बाजूंना फाकले, आणि वर पिढ्यान्‌पिढ्या टाकलेल्या मातीचं टनावारी ओझं होतं ते खाली आलं. उन्हाळ्यात गारवा देणारी माती तीच.

किल्लारी औंढ्याहून दूर आहे, असं म्हणावं तर २१ मार्च २०२४ला हिंगोलीतच साडेचार रिश्टरचा धक्का बसला. १० जुलैला सकाळी सकाळी तेवढाच दुसरा. मामी चहा गाळत होत्या. कड्यांतून माती चहात पडली. औंढ्याजवळ लायगो नावाची प्रचंड प्रयोगशाळा होणार आहे. २०२३ साली केंद्र सरकारनं तिला मंजुरी दिली. चार चार किलोमीटरचे दोन हात पसरून ती आकाशातून येणारी, अणूच्या गाभ्याहूनही बारीक अशी थरथर टिपणार म्हणतात. मामींनी ते यंत्र केव्हाच छातीत बसवून घेतलंय. बाहेरून ट्रक गेला तरी त्या आधी छताकडं बघतात.

तर अशी एका बाजूला कोरीव कमळं आणि दुसऱ्या बाजूला मामी. मी फोन ठेवला आणि रीतसर काहीच केलं नाही. कारकुनाला पेच पडला की तो फाइल दुसऱ्या फाइलीखाली ठेवतो.

पुढं महिन्याभरात बँकेनं मला चार दिवस प्रशिक्षणाला मुंबईला पाठवलं. माझ्या बहिणीची मुलगी तिथं आर्किटेक्चर शिकते. तिनं संध्याकाळी मला व्ही.टी.जवळच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात नेलं आणि झाडीतल्या एका हिरव्या, लाकूडकामाच्या बंगल्यासमोर उभं केलं. "मामा, हे किपलिंगचं घर." जंगल बुक लिहिणारा रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ला याच आवारात जन्मला. मी आदरानं चप्पल काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "म्हणजे याच जागेवर, पण हा बंगला किपलिंग मंडळी गेल्यानंतरचा. त्यांचं घर पाडून बांधलेला." तेव्हा पाडापाडी ही काही मामांनी काढलेली टूम नव्हे, हे पाहून मला बरंच हलकं वाटलं.

पण भाचीला मुलगा दाखवायचा नव्हता, बाप दाखवायचा होता. जॉन लॉकवूड किपलिंग १८६५ साली जे.जे.त शिकवायला आला आणि १८७५मध्ये लाहोरला गेला. समोरच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर दगडात कोरलेली शेतकरी-हमालांची चित्रं आहेत ना, ती त्याची. आपण त्यांच्याखालून शेकडो वेळा आंब्याची पेटी घेऊन गेलेलो असतो. पेटी डोक्यावर असली की वर बघता येत नाही. या लॉकवूडनं हिंडून विणकर, कुंभार, सुतार, सोनार कामावर बसलेले असताना त्यांची चित्रं काढली. साहेबाच्या नोकरीत असून त्याला कारागिराचे हात दिसले, कारण घरातलं वातावरणच तसं. त्याच्या बायकोची बहीण एडवर्ड बर्न-जोन्स या चित्रकाराला दिलेली. म्हणजे दोघं साडू. आणि बर्न-जोन्सचा जिवलग मित्र विल्यम मॉरिस. साडूचा मित्र म्हणजे आपल्याकडं लग्नपत्रिका द्यावीच लागते इतकं जवळचं नातं. लहानग्या रुडयार्डनं इंग्लंडात मावशीकडं राहून मॉरिसला काका केलं होतं.

"आणि मामा, या मॉरिसनं जे घर बांधलं ना," भाची म्हणाली, "ते मला दर वेळी औंढ्याच्या घरासारखं वाटतं."

मग तिनं ते घर मला आधी तोंडी आणि पुढं पुस्तकातून दाखवलं. त्याचं नाव रेड हाउस. आपल्या भाषेत लाल वाडा. लंडनबाहेर बेक्सलीहीथ इथं १८५९मध्ये काम सुरू झालं आणि १८६०मध्ये मॉरिस बायकोला घेऊन राहायला आला. वय वर्षं सव्वीस. बाप हुंड्यांचा दलाल, म्हणजे आमच्याच धंद्यातला. त्यानं तांब्याच्या खाणीचे शेअर ठेवले होते, त्यांचा लाभांश वर्षाला सुमारे नऊशे पौंड यायचा. घराला खर्च आला चार हजारांच्या आसपास. साडेचार वर्षांचं उत्पन्न. आमच्या शाखेनं हे कर्ज हसत मंजूर केलं असतं.

आर्किटेक्ट त्याचा मित्र फिलिप वेब. स्वतंत्रपणे घेतलेलं हे त्याचं पहिलंच घर. त्या काळी इंग्लंडात श्रीमंताचं घर म्हणजे विटांवर गिलावा करून तो दगड असल्याचं भासवायचं, आणि आत कारखान्यात ठोकून काढलेलं, सोन्याचा मुलामा दिलेलं सामान भरायचं. मॉरिसला या सगळ्याचा राग. १८५१ साली लंडनच्या काचेच्या महालात यंत्रयुगाचं जंगी प्रदर्शन भरलं, तेव्हा हा सतरा वर्षांचा मुलगा आत जायलाच तयार झाला नाही म्हणतात. वेबनं विटा उघड्या ठेवल्या. वीट आहे तर विटेसारखी दिसू दे. उतरत्या छपराला कौलं. नकाशा काटकोनात, म्हणजे दोन बाजूंनी अंगण कवेत घेतल्यासारखा, आणि अंगणात आड. त्या आडावर कौलारू टोपी, आपल्या वारकऱ्याच्या डोक्यावर इरलं असावं तशी. आत ओकचा जिना, उघड्या विटांच्या शेकोट्या, कमानी. खिडकी बाहेरून कशी दिसेल यापेक्षा आतल्या माणसाला उजेड कुठं लागतो, ते पाहून ठेवलेली. सफरचंदाच्या बागेत घर बसवताना झाडं शक्यतो तोडली नाहीत. उन्हाळ्याच्या रात्री उघड्या खिडकीतून सफरचंद आत पडायचं, अशी आठवण सांगतात.

बाजारात मनासारखं सामान मिळेना, म्हणून मॉरिसनं आणि मित्रांनी ते घरीच करायला घेतलं. शनिवार-रविवारी बर्न-जोन्स, रोझेटी वगैरे मंडळी यायची. कुणी भिंतीवर चित्र काढी, कुणी काचा रंगवी, बायका पडद्यांवर भरतकाम करत. छताच्या ओल्या गिलाव्यात टोच्यानं ठिपके पाडून नक्षीची आखणी केलेली आजही दिसते. या घरगुती उद्योगातून १८६१ला एक कंपनीच निघाली, आणि पुढं त्याच विचारांच्या लोकांनी १८८७मध्ये जी संस्था काढली तिच्या नावावरून या साऱ्या चळवळीला ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ हे नाव पडलं. सांगणं एवढंच, की वस्तू जिच्यापासून झाली ते लपवू नका, आणि जिनं केली त्या हाताला काम करताना थोडा आनंद मिळू द्या. नऊशे पौंडांचा धनी पदरचे पैसे घालून जे शोधत होता, ते औंढ्याच्या चौथ्या खांबावर वाकड्या पाकळीच्या रूपानं फुकट उभं होतं.

मी मुंबईहून परतलो तो असा तयारीनं. रजा टाकून औंढ्याला गेलो, भाचीलाही बोलावलं, आणि रात्री ओसरीवर मामा-मामींना लाल वाड्याची कथा लावली. मामांनी सुपारी कातरत विचारलं, "मग किती वर्षं राहिला तो त्या घरात?"

हा प्रश्न येऊ नये अशी माझी प्रार्थना होती. कारण उत्तर आहे, पाच. अवघी पाच वर्षं. घराचं तोंड मुख्यतः उत्तरेला. इंग्लंडात ते म्हणजे थंडीला आवतण. लंडनला कंपनीत रोज जायचं-यायचं तर गाडीचा प्रवास. त्यात मॉरिस संधिवाताच्या तापानं अंथरुणाला खिळला. बर्न-जोन्सनं शेजारीच घर जोडून राहायला यायचं ठरलं होतं. त्याचं तान्हं मूल गेलं आणि तो बेत मोडला. खाणीचा लाभांशही उतरायला लागला. १८६५ला मॉरिसनं लंडनात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असं घर घेतलं. लाल वाडा विकला, आणि पुन्हा त्या घराकडं पाहायलासुद्धा गेला नाही.

"बघ," मामी म्हणाल्या, "त्यानं बी सोडलंच की. आणि त्याचं तर गळत बी नव्हतं."

भाची हसायला लागली. मला राग आला होता, पण कुणाचा ते ठरेना. मॉरिस पुन्हा पाहायला गेला नाही, यावर मात्र मामी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "जीव गुंतला असंल त्याचा."

सकाळी सगळे नागनाथाला गेलो. देऊळ मी शंभर वेळा पाहिलंय. भाचीनं ते एकशेएकाव्या वेळी पाहायला लावलं. गाभारा खाली तळघरात. भोकातून वाकून उतरावं लागतं, कर्ज मागायला आल्यासारखं. नंदी मागच्या बाजूला. नामदेवांसाठी देवळानं तोंड फिरवलं अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. विसोबा खेचरांची आणि नामदेवांची गाठही इथलीच. बांधणी हेमाडपंती. इथं मला व्यवसायबंधूचा अभिमान सांगितलाच पाहिजे. ज्याच्या नावानं ही शैली ओळखली जाते, तो हेमाडपंत यादवांच्या दरबारात श्रीकरणाधिप होता, म्हणजे दप्तरखान्याचा प्रमुख. अशी देवळं त्याच्या आधीपासून होत होती. पण नाव लागलं ते दप्तरवाल्याचं. कोरणाऱ्या पाथरवटाचं नाव मात्र इथंही नाही.

भाची म्हणाली, "मामा, खालून वर बघा. कुठं फरक पडतो?" खाली काळा दगड, इंच इंच कोरलेला: हत्ती, देव, नर्तकी. आणि त्याच्यावर एका रेषेपासून पुढं सगळं साधं आणि वेगळ्याच काळाचं. यादवकालीन देवळाचा वरचा भाग मोडला गेला, आणि अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी तो पुन्हा उभारला. खालच्यासारखं कोरल्याचं सोंग नाही केलं. जुनं जेवढं उभं होतं तेवढं राखलं आणि वर आपल्या काळाचं चढवलं. सांधा उघड दिसतो.

"मॉरिसनं १८७७ला जुन्या इमारती वाचवायला एक संस्था काढली," भाची सांगत होती. "तेव्हा इंग्लंडात जुनी देवळं खरवडून नव्यासारखी करायची फॅशन होती. मॉरिस म्हणाला, खरवडू नका. दुरुस्ती करा, आणि ती दुरुस्ती म्हणूनच दिसू द्या." मॉरिसच्या शंभरएक वर्षं आधी ही गोष्ट औंढ्यात करून झाली होती, फक्त संस्था काढायची राहिली.

मामा बराच वेळ त्या रेषेकडं बघत उभे होते. परत येताना म्हणाले, "आपलं जोतं तर धड हाय की."

तिथून पुढचं सगळं मामींच्या स्वयंपाकघरात ठरलं. माळवद जाणार, त्यावर चर्चा नाही. भिंती जाणार. मागं खांब-तुळयांचा लोखंडी सळयांतला सिमेंटचा सांगाडा आणि स्लॅब. त्यात मामींची उजेडाची खोली, ओटा आणि जाळीची खिडकी. पुढं मात्र जुनं दगडी जोतं, दरवाजा आणि ओसरी राहणार. मी सुचवलं की चार कोरीव खांब स्लॅबखाली शोभेला उभे करावेत. भाची एकदम उसळली. "मामा, ज्या खांबावर भार नाही तो खांब नव्हे!" मी गप्प बसलो. बँकेत वीस वर्षं मी तसाच उभा आहे, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. शेवटी खांबांना त्यांचं काम मिळालं. ओसरीवर कौलांचं हलकं छप्पर आलं, आणि ते या चार खांबांवर, आपापल्या तळखड्यांवर, उभं राहिलं.

पाडकामाच्या दिवशी मी हजर होतो. माळवद खणलं तेव्हा मातीखाली कडुलिंबाचा पाला निघाला. रंग गेला होता, आकार होता. मग बळदाची आतली भिंत उघडी पडली. धान्य भरलेलं असल्यानं ती बाजू कधी कुणाला दिसलीच नव्हती. त्या लिंपणावर बोटांचे फराटे होते आणि एका कोपऱ्यात सबंध पंजा उमटलेला. कामाला आलेल्या बाईनं टेकू घेतला असेल. कोणत्या साली, कुणाला माहीत. लाल वाड्यातही एका खोलीत कपाटामागच्या भिंतीवर मॉरिसनं आणि मित्रांनी रंगवलेली चित्रं कित्येक वर्षं झाकून गेली होती. ती २०१३मध्ये उघडी झाली आणि जगभर बातमी झाली. आमच्याकडं मामी पुढं झाल्या आणि आपला पंजा त्या पंज्यावर ठेवून पाहिला.

"मह्याहून बारकी होती," म्हणाल्या. आणि पदर डोळ्याला लावून आत चहा टाकायला गेल्या. आत म्हणजे कुठं, हे त्यांच्या लक्षात यायला दोन पावलं जावी लागली.

कर्ज मंजूर झालं, घर झालं, मागच्या पावसाळ्यात एकही पातेलं मांडावं लागलं नाही. मे महिन्यात मामींनी कूलर मागवला आणि "आज जरा उकडायलंय" असं न म्हणता जे म्हणाल्या, ते छापण्यासारखं नाही. रात्री दोघंही ओसरीवरच झोपतात.

राहता राहिला तो मूल्यांकनाचा कागद. मी त्यावर पुष्कळ विचार केला. आम्हाला कॉलेजात घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकवल्या होत्या. सरळ रेषा पद्धतीत दरवर्षी सारखीच रक्कम वजा होते आणि वस्तू ठरल्या वर्षी शून्याला पोचते. घटत्या शिल्लक पद्धतीत उरलेल्यातून टक्केवारी जाते. कितीही वर्षं वजा करा, काहीतरी उरतंच, शून्य कधी येत नाही. परीक्षेत मी या दुसऱ्या पद्धतीचं गणित चुकलो होतो. आणखी एक जुनी रीत आहे. पूर्ण घसारा झालेली पण अजून वापरात असलेली वस्तू वहीतून काढून टाकत नाहीत. ती आहे हे विसरू नये म्हणून एक रुपया किंमत लावून ठेवतात.

मामांच्या घरखर्चाच्या वहीत नव्या घराचा हिशेब मीच मांडून दिला. सिमेंट, सळई, वाळू, मजुरी, कौलं. सर्वांत खाली लिहिलं: जोतं, दरवाजा, खांब चार (एक पाकळी वाकडी): रुपये एक फक्त.

मामांनी तपासताना विचारलं, "हा रुपया कुणाला दिलास?"